दांड्यावरची तारीख

तारीख : वैशाखातला पहिला रविवार, सकाळ.
स्थळ : अकोला, जुने शहर. मोर्णेच्या पुलापलीकडे, दादासाहेबांच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा.
हजर : दादासाहेब (वय ऐंशीच्या पुढे), त्यांच्या पत्नी म्हणजे वहिनी, अमरावतीहून माझ्यासोबत आलेला मिस्त्री, आणि मी.
गैरहजर : वकीलसाहेब. ते गेल्या दिवाळीनंतर वारले.
काम : वकीलसाहेबांच्या चाकावरच्या घराचा तुटलेला पाटा बदलणे आणि घर अमरावतीला परत नेणे.

कुठल्याही कामाला हात घालण्याआधी मी एवढं लिहून घेते. नोकरी कॉलेजच्या ऑफिसात, त्यामुळे हजेरी लागल्याशिवाय काम सुरू झाल्यासारखं वाटत नाही. वकीलसाहेबांना ही सवय फार आवडायची. "बाई, तुमी चुकून कॉलेजात गेल्या. तुमी कोर्टात पायजे होत्या," असं म्हणायचे आणि लगेच माझ्या यादीवर हरकत नोंदवायचे.

अमरावतीत आमची घरं शेजारी. भिंत एक, फाटकं लागून. मूलबाळ नाही, पत्नी आधीच गेलेली, वकिली सोडलेली. पण वकिलीनं त्यांना सोडलं नव्हतं. सकाळी लुंगी आणि बंडीवर काळा कोट चढवून ते फाटकाशी उभे राहायचे आणि दूधवाल्याची उलटतपासणी घ्यायचे.

"काल दूध पातळ होतं, हे तुले मान्य हाये का?"

"साहेब, म्हैस गाभण हाये."

"म्हशीले मधात आणू नको. इचारलं तेवढंच सांग."

'नाही' हा शब्द ते वापरत नसत. 'तूर्तास नाही' म्हणत. भाजीवालीनं जुडी महाग सांगितली तर 'तूर्तास नाही', डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं तर 'तूर्तास नाही'. आयुष्यात एकदाच त्यांनी 'तूर्तास' न लावता नाही म्हटलं होतं, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

ते असं झालं. थोरले भाऊ दादासाहेब, तेही वकीलच, अकोल्याला. भाच्याच्या लग्नानंतर सगळे नातेवाईक अकोल्याबाहेर एका शेतात रोडग्यांच्या जेवणाला जमले होते. गव्हाच्या जाड पिठाचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायचे, वांग्याच्या भाजीशी तुपात चुरून खायचे. आमच्याकडे ते काम पुरुषांचं. गोवऱ्यांचा आर वकीलसाहेबांनी पेटवला होता. दादासाहेबांनी पहिला रोडगा फोडला, आत बोट घातलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "कच्चा हाये." वकीलसाहेब म्हणाले, "पक्का हाये." दादासाहेबांनी तो शेतातल्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्यानं हुंगला, दोघा भावांकडे पाहिलं आणि पुन्हा झोपलं.

"झाला निकाल," दादासाहेब म्हणाले.

वकीलसाहेब उठले. "आजपासून तुया घराची पायरी चढणार नाही. तुया घरचं पाणी पेणार नाही."

"मंग मीही तुया घरात पाय ठेवणार नाही," दादासाहेब म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

दोघांनी शब्द पाळला. वर्षानुवर्षं पाळला. वकीलसाहेबांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच : "कुत्र्याचं पोट भरलेलं होतं. थे साक्ष ग्राह्य धरता येत नाही."

मग एके दिवशी दादासाहेबांना हृदयाचा झटका आला. वाचले. निरोप वहिनींनी फोनवर दिला, शेवटी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, यांचं काही खरं नाही. येऊन जा." वकीलसाहेब दोन दिवस कोट न घालता अंगणात बसून होते. दूधवाला उलटतपासणीशिवाय सुटला आणि मला विचारायला आला, "साहेबाले बरं नाही का?" मी कुंपणावरून वकीलसाहेबांना म्हणाले, "जाऊन या ना. बस तासातासाला आहे."

"कसा जाऊ? पायरी चढता येत नाही, पाणी पेता येत नाही. उतरू कुठं?"

"लॉजवर उतरा."

"भावाच्या गावात लॉजवर उतरू? लोक काय म्हनतीन?"

तिसऱ्या दिवशी ते फोन घेऊन माझ्याकडे आले. त्यातल्या व्हिडिओत परदेशातला कुणी माणूस मोटारीमागे अख्खं घर जोडून फिरत होता. आत पलंग, शेगडी, बेसिन. "बाई, सापडलं," ते म्हणाले. "त्याच्या घरात जायचं नाही, तर मी माया घरासकट जातो. माया घरात राहीन, माया घरचं पाणी पेईन, भावाले रोज भेटीन. शपथेले धक्का नाही."

घर बांधून घेतलं एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात. जुन्या पाण्याच्या टँकरचा आस, त्यावर दोन चाकं, त्यावर पत्र्याची खोली, पुढे त्यांच्या जीपला जोडायला लांब लोखंडी दांडा. दारावर नावाची पाटी, शेजारी घंटी, खाली घडीची पायरी, मागे तुळशीची कुंडी वेल्डिंग करून बसवलेली. गल्लीतली मुलं त्याला डब्बा म्हणायची. मुलांशी ते वाद घालायचे : "माणूस जिथं सैपाक करते अन् झोपते, थे घर. चाक हाये का पाया, याचा संबंध नाही. पटते का?" मुलं 'पटते' म्हणून पळून जायची. हे घर त्यांच्या फाटकात मावेना, म्हणून त्याचा मागचा अर्धा भाग माझ्या फाटकापुढे उभा राहिला. माझी स्कूटर निघेना. ते घर लवकरात लवकर अकोल्याला पोचावं ही माझीही निकड झाली ती अशी.

आता पाटे. आस आणि घर यांच्या मधे दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते. चाक खड्ड्यात गेलं की कमान वाकते आणि वरचं घर हादरत नाही. त्या पट्ट्या म्हणजे पाटे. सामान बेताचं असेल तर ते जन्मभर टिकतात. वकीलसाहेबांचं सामान बेताचं नव्हतं. भावाच्या घरचं पाणी चालत नाही म्हणून अमरावतीच्या पाण्याचं मोठं पिंप. रोडगे पुन्हा भाजून दाखवायचे होते म्हणून पोतंभर गोवऱ्या. आणि डाव्या भिंतीशी लोखंडी कपाट, त्यात बांधीव निकालांची सगळी पुस्तकं.

"पुस्तकं कशाला?" मी यादी हातात घेऊन विचारलं.

"दादा वाद घालन. हाताशी दाखला नको?"

"आजारी माणसाशी वाद घालणार?"

"बाई, थो माया वाद ऐकून उठून बसन. औषधानं काय होते?"

पहिल्या खेपेला पाटा बडनेऱ्यातच तुटला. डावा. घर एका अंगावर कललं, तुळस रस्त्याकडे झुकली. बडनेरा रोडच्या मिस्त्रीला बोलावलं. तो खाली सरकून बाहेर आला आणि आनंदानं म्हणाला, "साहेब, एक पाटा वाढवू. ट्रकचा टाकतो."

"कपाट काढलं तर?" मी विचारलं.

"हरकत," वकीलसाहेब म्हणाले. "पाटा वाढव."

दुसऱ्या खेपेला कुरुमपर्यंत गेलो. पाटा तुटला नाही, पण आता कमान इतकी ताठ झाली होती की वाकेचना. प्रत्येक खड्डा थेट घरात शिरत होता. पाटे धरून ठेवणारं कडंच चौकटीतून उपटून आलं. पिंपाचं झाकण उडालं आणि गोवऱ्या भिजल्या. मिस्त्रीनं कडं दुप्पट जाड लावलं आणि जाता जाता आणखी एक पाटा चढवला. त्यालाही यातलं फारसं कळत नव्हतं, हे मी इथे नोंदवून ठेवते. त्याला पाटे चढवायला आवडायचं आणि वकीलसाहेबांना चढवून घ्यायला.

त्यानंतर मूर्तिजापूर. तिथे पाटे, कडं सगळं शाबूत राहिलं आणि आसच वाकला. चाकं आतल्या बाजूला फेंगडी झाली. याच खेपेला रस्त्यात एका हवालदारानं थांबवलं.

"हे काय हाये?"

"घर."

"घर रस्त्यावर काहून आणलं? परवानगी?"

वकीलसाहेबांनी कोटाचं बटण लावलं. "हे वाहन हाये."

"आता तं घर म्हनले."

"चालू असलं का वाहन, थांबलं का घर. तुमी थांबवलं म्हनून घर झालं. सोडा, पुन्हा वाहन होते."

हवालदारानं दारावरची घंटी एकदा वाजवून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, यांच्यासोबत तुमी काहून फिरून राहिल्या?" मी म्हणाले, माझं फाटक अडलंय. त्याला ते समजलं. सोडलं.

प्रत्येक खेपेआधी वकीलसाहेब वहिनींना फोन करून सांगायचे, येऊन राहिलो. प्रत्येक खेपेला दादासाहेब त्या सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचे, आणि संध्याकाळी वहिनी त्यांना हाताला धरून आत न्यायच्या. मला हे वहिनींनीच फोनवर सांगितलं. वकीलसाहेबांना सांगायचं की नाही हा प्रश्न पडला. मी सांगितलं.  रात्री कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, काढताहेत पुस्तकं. सकाळी पाहिलं तर एक खंड वाढला होता. जुनी घरं आणि जंगम मालमत्ता यांवरचा.

शेवटी पोचलो. बोरगाव मंजूला एक पाटा तडकला, तो नायलॉनच्या दोरीनं आवळून बांधला आणि पायी चालणारी माणसं आम्हाला मागे टाकत असताना अकोल्यात शिरलो. मोर्णेचा पूल ओलांडला. दादासाहेबांची गल्ली इतकी अरुंद की घर आत जाईना. वकीलसाहेब जीप मागे-पुढे करत होते तेवढ्यात डावं चाक नालीत गेलं आणि तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. सगळी कमान एकदम तुटली. घर गल्लीच्या तोंडाशी, मोकळ्या जागेवर, डाव्या बाजूला मान टाकून बसलं.

वकीलसाहेब उतरले, चाकाकडे पाहिलंही नाही. घडीची पायरी खाली सोडली, दाराशी उभे राहिले. गल्लीतून दादासाहेब काठी टेकत येत होते, मागे वहिनी. दहा पावलांवर ते थांबले.

"आला का?"

"आलो. ये, आत ये. बस."

दादासाहेबांनी पाटी वाचली. घंटीकडे पाहिलं, तुळशीकडे पाहिलं. "हे काय हाये?"

"घर हाये मायं."

"पक्कं घर?"

"सैपाक करतो, झोपतो. पक्कं घर."

"मंग मले येता येत नाही," दादासाहेब म्हणाले. "तुया घरात पाय ठेवणार नाही म्हनलं होतं मी."

इतकी वर्षं मी वकीलसाहेबांना ओळखत होते. कोटाचं बटण लावायला हात नेला आणि न लावताच खाली घेतला, असं त्यांना पहिल्यांदा पाहिलं. चाकं असली तरी घरच, हे त्यांनी गल्लीतल्या मुलांपासून सगळ्यांना पटवलं होतं. आता ते घर नाही म्हणावं, तर आपण राहायचं कुठे? घर म्हणावं, तर भाऊ बाहेर. उन्हात दोघं म्हातारे समोरासमोर उभे, एकाला झटका येऊन गेलेला. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "आता हे दोघं असेच उभे राहतीन. मी ओळखते यायले."

मी जीप सोडवायला म्हणून दांड्याची खीळ काढत होते. वकीलसाहेबांचं लक्ष तिकडे गेलं.

"दांडा," ते म्हणाले.

"काय?"

"दांडा घराचा भाग नाही. दांड्यावर कोणी सैपाक करत नाही, झोपत नाही. थो वाहनाचा भाग हाये."

दादासाहेबांनी काठीनं दांडा वाजवून पाहिला. "दाखला हाये का?"

"कपाटात हाये. आणू?"

"राहू दे. मान्य," दादासाहेब म्हणाले आणि दांड्यावर बसले. वकीलसाहेब शेजारी बसले. दांड्याखाली मी टेकण लावलं होतं म्हणून बरं.

संध्याकाळी त्याच जागेवर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले. दादासाहेबांनी एक फोडला, बोट घातलं आणि खाल्ला. वकीलसाहेबांनी एक तुकडा गल्लीतल्या कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं तो हवेतच झेलला.

"पाह्यलं?"

"हे कुत्रं वेगळं हाये. साक्षीदार बदलला," दादासाहेब म्हणाले आणि दुसरा रोडगा घेतला.

ठरलं होतं दोन दिवस राहायचं. पाटा तुटलेला, म्हणून मिस्त्री येईपर्यंत राहायचं ठरलं. मी जीप घेऊन अमरावतीला परतले, मिस्त्रीला गाठलं. तो म्हणाला, "साहेबाचा फोन आला होता. म्हनले, घाई नाही." पुढच्या आठवड्यात तेच. महिनाभरानं मीच वकीलसाहेबांना फोन लावला. "पाटा केव्हा बसवायचा?"

"तूर्तास नाही," ते म्हणाले.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. घर चार विटांवर टेकवून सरळ केलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ दोघं दांड्यावर बसून वाद घालायचे. गल्लीतले लोक जाता-येता थांबून ऐकायचे, काही जण आपले भाडेकरूंचे तंटे घेऊन यायचे. दादासाहेबांचा रंग सुधारला. मी महिन्यातून एकदा अमरावतीच्या पाण्याचे कॅन घेऊन जायचे आणि पिंप भरून द्यायचे. जेवणाचा प्रश्न वहिनींनी सोडवला होता. त्यांच्या घरचं पाणी चालत नाही ना, मग त्या दशम्या करायच्या. पीठ नुसत्या दुधात मळलेलं, पाण्याचा थेंब नाही.

पहिल्या दिवशी वकीलसाहेबांनी ताटली हातात धरून विचारलं होतं, "वहिनी, दुधात पाणी?"

"भाऊजी, म्हैस दारापुढे पिळून घेतली. खायची असन तं खा, नाही तं कुत्र्याले टाकते."

"ग्राह्य," वकीलसाहेब म्हणाले आणि खाल्ली.

दिवाळीनंतर दात दुखतो म्हणून ते बसनं अमरावतीला आले. त्यांचा दातांचा डॉक्टर इथला. रात्री माझ्याकडे भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, उद्याच परत जायचं, दादा वाट पाहत असन, म्हणाले. सकाळी दूधवाल्यानं फाटकाशी हाका मारल्या. कुणी उलटतपासणी घ्यायला आलं नाही.

दादासाहेब गाडी करून आले. घराच्या पायरीशी थांबले, वर चढले नाहीत. आम्ही वकीलसाहेबांना अंगणात आणलं. तोंडात पाणी घालायची वेळ आली तेव्हा मी तुळशीपत्र आणि भांडं पुढे केलं. दादासाहेबांनी मान हलवली आणि सदऱ्याच्या खिशातून एक लहान बाटली काढली. चाकावरच्या घराच्या पिंपाला बाहेरून तोटी आहे, पाय धुवायला. आत न जाता तिथून त्यांनी भरून आणली होती.

"यात माया घरचा थेंब नाही," त्यांनी भावाला सांगितलं आणि मग पाणी घातलं.

तर आज पाटे बसवायचे होते. नवे, बेताचे, मिस्त्रीला मी तंबी दिलेली की एकही जास्तीचा नको. चौकट उचलायला जॅक लावला. दादासाहेब दांड्यावर पंचा अंथरून बसले होते. वैशाखात लोखंड सकाळीही तापतं. शेजारी आणखी एका माणसाची जागा मोकळी होती.

"आबा, उठा जरा," मिस्त्री म्हणाला. "तुमचं वजन येऊन राहिलं."

"वजन मायं नाही, कपाटाचं हाये. थे आधी काढा."

"काढतो."

"कोणाच्या परवानगीनं? मालकाच्या परवानगीशिवाय घरात शिरसान तं गुन्हा हाये."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "दादासाहेब, मालक आता तुम्हीच. वारस तुम्ही. आत जाऊन या, मग आम्ही काढतो."

दादासाहेबांनी दाराकडे पाहिलं. पाटीवरची धूळ वहिनींनी पुसलेली होती. घडीची पायरी खाली सोडलेलीच होती, तेव्हापासूनची.

"मायं कसं? पाटीवर त्याचं नाव हाये," ते म्हणाले. "अन् त्याचं घर असन तं मले जाता येत नाही."

"मग काय करायचं?"

"तारीख घ्या पुढची."

ही त्यांनी मागितलेली पहिली तारीख नव्हती. संक्रांतीला मागितली होती, मग होळीला. वहिनी दशम्यांची ताटली घेऊन गल्लीतून आल्या. एक दादासाहेबांना दिली, एक मिस्त्रीला, एक मला. ताटलीत आणखी एक होती, ती त्यांनी दांड्यावरच्या मोकळ्या जागेत ठेवली आणि परत गेल्या. कुत्रं जवळ आलं. दादासाहेबांनी काठी उचलली नाही, फक्त म्हणाले, "थांब रे. आधी वादीले खाऊ दे."

मिस्त्रीनं जॅक सोडला. पाटे उचलून जीपमध्ये टाकले. मी लिहून घेतलं : पुढची तारीख, मृगानंतर. पाटे बसवायचे राहिले.